सहाचा खटका

गिअरच्या सायकलीवरून आठवलं. धाटावला कंपनीत असताना माझ्याकडे एक होती, पेणहून जुनी घेतलेली. मागच्या चाकाला पाच गिअर, पण आधीच्या मालकानं हँडलवर गिअर बदलायचा खटका बसवलेला सहा गिअरवाल्या सायकलीचा. माप जुळायचंच नाही. चेन दोन चक्रांच्या मधोमध घुटमळायची आणि सारखी कडकड वाजायची. रोह्याला आमच्या आळीत शिरलो की कुत्री उठून बसायची.

एकदा पेणला पाचाचा खटका मिळाला, लगेच बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट करून ऐटीत घरी आलो, तर बायको निवांत तांदूळ निवडत बसलेली.

"चहा?" मी म्हटलं.

ती दचकली. "अवो, आलात कधी? आवाज नाय, काय नाय."

तेव्हा कळलं, रोज उंबऱ्यात पाय ठेवताच हातात कप कसा यायचा. आळीच्या तोंडाशी कडकड ऐकली की ती आधण ठेवायची.

"उद्यापासून घंटी वाजवतो," मी म्हटलं.

"घंटी काय, सगळ्यांचीच वाजते. जुना खटका टाकलात नाय ना?"

टाकला नव्हता. परत बसवला, आणि सायकल मोडेपर्यंत तोच ठेवला.

आता बायकोही नाही. सून चहा चांगला करते, पण मागावा लागतो.