एकटीला जास्ती मार्क

“…तुमच्या त्या यंत्राला म्हणावं, नवरा म्हणजे आजार न्हवं, मार्क कापायला!” असं मी ओरडले, टेबलावर हात आपटला, तसं कॅम्पातल्या त्या गारेगार हापिसातल्या सगळ्या माना वळल्या, आणि माझाच लेक धरणेंद्र माझ्यावर डोळे वटारतोय, “आई, हळू! लोक बघायलेत!” बघू देत की! तुम्हाला सांगते, निपाणीसनं बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत मी आलते ती नातीच्या लग्नाची तारीख मागायला. तारीख कुणाला मागतात? बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन देवळातल्या पंडितांना! आणि आम्ही कुणाला मागायची? तर ह्या सौरवला! कॅनडाला माणसं पाठवायचा सल्ला देतो, खासबागचा, गळ्यात पट्टा, आणि तोंडात एकच शब्द… स्कोअर!

माझी नात त्रिशला, ह्या धरणेंद्रची पोरगी, तिकडं संगणकाचं काम करती. कायमचं ऱ्हायची परवानगी पायजे तिला. तर तिकडच्या सरकारनं काय केलंय, सगळ्यांची नावं एका तळ्यात टाकायची, शिक्षणाचे मार्क, नोकरीचे मार्क, इंग्रजीचे मार्क, वयाचे मार्क, आणि मधनंच एक रेघ मारायची. रेघेच्या वर तो आत, खाली तो बसला तळ्यात गटांगळ्या खात! आमच्या निपाणीत तंबाखूची प्रत लावतात तशी माणसाची प्रत! आणि तंबाखू तरी मुरला की भाव चढतो हो, हितं माणूस मुरला की मार्क उतरतात! तिशी लागली की घसरण सुरू. मी विचारलं, “सौरव, मला किती पडतील रं?” तो हसतोय, “आज्जी, पंचेचाळीसच्या पुढं वयाला शून्य.” म्हणजे एवढी वर्षं जगले, त्येला मार्क न्हाईत!

बरं, भाषा. मी शाळेची पायरी चढले न्हाय. स्टँडवर हिकडनं कर्नाटकाची बस, तिकडनं महाराष्ट्राची, दोन्ही पाट्या वाचत वाचत दोन्ही अक्षरं शिकले, माझी मी. नातीलाबी दोन्ही येतात. म्हटलं, धर की मराठी! न्हाय. कन्नड? न्हाय. मग कशाला हाईत मार्क? इंग्रजीला, आणि फ्रेंचला! अवो, सत्तर वर्षं आम्ही ह्या दोन भाषांवरनं भांडलो, डोकी फोडली, पाट्यांना काळं फासलं… आणि तिकडं दोन्हीला मार्क न्हाईत! आमचा शेजारी परशराम, सीमेच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेला, एका कानानं बहिरा. धरणेंद्र त्येला म्हणाला, “पोरगी कॅनडाची होणार.” त्येनं ऐकलं कन्नडाची! आठवडाभर बोलला न्हाय आमच्याशी. “आक्का, तुम्हीबी फुटला?” म्हणतोय!

आता लग्नाचं. गोमटेश, चिकोडीचा, ठिबकच्या पाइपांचं दुकान, पोरगं सोन्यासारखं, पोरीनं स्वतः पसंत केलेलं. एकदा हॉल ठरवला, मोडला. दुसऱ्यांदा ठरवला, मोडला. का? तर सौरव म्हणतोय, (तोंड असं बारीक करून) “आज्जी, एकटी असली की स्कोअर जास्त. लग्न झालं की नवऱ्याचंबी धरतात, आणि ह्यांचं इंग्रजी… लिसनिंगमध्ये गेलेत हो ते.” लिसनिंग म्हणजे ऐकणं! दिवसभर गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी मराठीत, कन्नडात, हिंदीत ऐकून घेतोय ते पोरगं, हूं का चूं करत न्हाय, आणि ऐकण्यात नापास! त्येच्या सोशिकपणाला मार्क न्हाईत! आणि आमच्याकडं सगळं उलटंच की. हितं पोरगी एकटी ऱ्हायली की गाव मार्क कापतंय, तिकडं लग्न केलं की सरकार कापतंय. पोरीनं जावं कुठं?

म्हणून मी टेबल आपटलं. “ह्या मार्गशीर्षात लग्न लागणार म्हणजे लागणार! माझ्या काळजाची झडप डॉक्टरनं ‘बघू’ म्हणून सोडून दिलीया, मी काय यंत्रासारखी रांगेत बसू? मला डोळ्यांनी बघायचंय!” धरणेंद्रबी पेटला, “मग पोरगी रेघेच्या खाली जाईल, कामाचा परवाना संपंल, पेटी घेऊन परत येईल, चालंल तुला?” मी म्हटलं चालंल! तो म्हणाला, “तिला विचार!” आणि सौरवनं लगेच फोन लावला, तोंड दिसतंय तसला, दुष्टानं.

तुम्हाला सांगते, पडद्यावर त्रिशला. गाल बसलेले, डोक्यावर लोकरीची टोपी. म्हटलं आता पोरगी माझ्या बाजूनं बोलंल. तर ती हळूच, “आज्जी, मला हितंच ऱ्हायचंय गं. आणि गोमटेशबी पायजे. मी फ्रेंच शिकायलेय, फ्रेंचचे मार्क पडले की निघंल सगळं. अजून थोडं थांबता आलं तर…” आणि नुसतं नाक ओढतीय. मग म्हणती, “बोलून दाखवते,” आणि रडत रडतच फ्रेंचमधनं कायतरी म्हटलं. अर्थ कुणाला कळतोय? पण तिचा आवाज माझ्यासारखाच, हट्टी… हट्टाला मार्क न्हाईत, असते तर आमचं घराणं रेघेच्या कुठल्या कुठं वर!

धरणेंद्र भिंतीकडं बघतोय. सगळे माझ्या तोंडाकडं. एवढी भांडले, एवढी ओरडले, आणि जिंकायची वेळ आली तर तोंडातनं काय निघावं? मी पदरानं फोनची काच पुसली आणि म्हटलं, “शीक गं बाई, शीक तुझी फ्रेंच. तवर मी मरत न्हाय.”