जजसाहेबांना बायोडेटा

ऋता : बाबा, हे पत्र मी वकीलबाईंना पाठवणार नाहीये.

चारुदत्त : का? स्पेलिंग तीनदा तपासलंय.

ऋता : "माझा मुलगा मिहीर, वय चौतीस, उंची पाच फूट दहा इंच, निर्व्यसनी." जज त्याच्यासाठी मुलगी बघतायत का?

चारुदत्त : चांगल्या घरातला आहे, एवढं कळावं. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या मुलांचे लग्नाचे बायोडेटा मी लिहिलेत. एकही परत आला नाही.

ऋता : आणि शेवटी हे? "घराण्यात मानसिक आजार नाही. मिहीरची प्रकृती उत्तम."

चारुदत्त : ते लिहावंच लागतं.

वसुधा : अहो, लग्नात लागतं.

ऋता : बाबा, त्यानं शेजाऱ्यांच्या दारांवरचे चार कॅमेरे हातोडीनं फोडलेत. वकीलबाई काल सांगत होत्या, हे आजारापायी झालं असं जजना पटलं, तर ते केस थांबवून त्याला ट्रीटमेंटला पाठवू शकतात. ती नीट पूर्ण केली की केस डिसमिस. डॉक्टरांचा रिपोर्ट आहे. मिहीर स्वतः तयार आहे. फक्त सरकारी वकील म्हणतोय, तो ठणठणीत आहे, त्याला शिक्षा करा.

चारुदत्त : म्हणजे मी सरकारी वकिलाची बाजू मांडली.

ऋता : त्याच्यापेक्षा चांगली मांडलीत.

चारुदत्त : मग काय लिहू?

ऋता : तुम्ही घरात काय पाहिलंत ते. कधीपासून, तेही.

चारुदत्त : मी काही पाहिलेलं नाही.

वसुधा : कपाटांची दारं.

(चारुदत्त चष्मा काढून टेबलावर ठेवतो.)

ऋता : कसली दारं? आई?

वसुधा : त्यांना सांगू दे.

चारुदत्त : तू तेव्हा दूर प्लेनो शहरात राहत होतीस. तीन वर्षं झाली. सकाळी चहाला खाली आलो, तर किचनमधल्या सगळ्या कपाटांची दारं काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. ओळीनं, अगदी व्यवस्थित. म्हणाला, बाबा, आत कोणीतरी बसून आपलं ऐकतं.

ऋता : तुम्ही काय म्हणालात?

चारुदत्त : स्क्रू कुठे आहेत, म्हणालो. दुपारी मंडळातले राजेश आणि रत्ना जेवायला यायचे होते.

ऋता : म्हणजे तुम्ही दारं परत लावलीत.

चारुदत्त : बाराच्या आत.

ऋता : आणि मिहीर?

चारुदत्त : तो मदत करत होता. एकेक स्क्रू माझ्या हातात देत होता. मी काहीतरी बोलेन म्हणून माझ्याकडे बघत होता. मी बिजागऱ्या बघत होतो.

ऋता : मला कोणी फोनसुद्धा केला नाहीत.

वसुधा : मी दोनदा हातात घेतला होता गं.

ऋता : बाबा, हेच लिहा. जसं आत्ता सांगितलंत तसं.

चारुदत्त : हे जज वाचणार. आणि मिहीर?

ऋता : तोही वाचेल.

चारुदत्त : हं. कोरा कागद दे. मायना तोच ठेवतो, तो बरोबर आहे. पहिलं वाक्य सांगतो, चालेल का बघ. "माझ्या मुलानं मला तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."