दार लावून बसलेली हेमलता

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. सगळं सोयीचं असताना माणूस नोकरी का सोडतो? पगारासाठी? साहेब खडूस म्हणून? तिकडे एक ताई हसल्या — असू दे, त्यांच्या साहेबांचं नाव आपण विचारायचं नाही. गोष्ट ऐका.

वाईला राहणारी हेमलता दुधाणे. पुण्याच्या एका विमा कंपनीत सात वर्षं नोकरी, त्यातली तीन वर्षं घरूनच काम. प्रवास नाही, डबा नाही. आणि एका सोमवारी तिनं राजीनामा पाठवला — दोन ओळींचा.

तिचे साहेब मुकुंद घैसास. माणूस वाईट नाही बरं का, पण चक्रावले. हिला कमी काय पडलं? फोनवर ती एवढंच म्हणाली, "जमत नाही, सर." त्यांना राहवेना. शनिवारी गाडी काढली आणि थेट वाई गाठली.

दार सासूबाईंनी उघडलं. म्हणाल्या, "नऊला खोलीत जाते, दार लावते. संध्याकाळी बाहेर येते तेव्हा धड बोलतसुद्धा नाही."

हेमलतानं चहा आणला. घैसासांनी विचारलं, "परत ऑफिसला यायचंय का?"

"नाही, सर. घरी होते म्हणून या सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं."

"मग?"

"फेब्रुवारीत माझे वडील गेले. पाचव्या दिवशी मी कामाला बसले. तुम्ही विचारलंत, अहवाल कुठाय?"

घैसासांनी कप खाली ठेवला. "तुम्ही रजेच्या अर्जात घरगुती कारण लिहिलं होतं. सांगायचं तरी."

"ऑफिसात सांगावं लागलं नसतं, सर. कुणीतरी तोंड बघूनच विचारलं असतं."

मंडळी, काय उत्तर द्याल? घैसासांनी सबब पुढे केली नाही. वडिलांचं नाव विचारलं, ते काय करायचे विचारलं. ती तासभर बोलत राहिली. सासूबाई ऐकत होत्या — त्यांनाही त्यातलं बरंचसं नवीनच होतं.

त्यानंतर घैसास घरून काम करणाऱ्यांपैकी रोज एकाला तरी फोन करू लागले, कामाचा विषय न काढता. हेमलता धरून साताऱ्याच्या आसपासचे चौघं निघाले. दर बुधवारी ते एका खोलीत एकत्र काम करतात. हेमलतानं राजीनामा मागे घेतला. दुसरा एक जण मात्र तरीही सोडून गेला. का, ते घैसासांना अजून उमगलेलं नाही.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्याही घरात कुणी दार लावून कामाला बसत असेल. पगार येतोय म्हणजे बरं चाललंय, असं आपण धरून चालतो. उद्या ते माणूस बाहेर आलं की जेवायला काय करू, एवढंच विचारू नका. समोर बसा. दिवस कसा गेला ते विचारा. उत्तराला वेळ लागेल, उठू नका. तेवढं थांबणं मी देवापुढे बसण्याइतकंच मानतो.