आठ खऱ्या बाया पाहिजेत

...आणि वर म्हणे, माणसं खरी पाहिजेत! आता तुम्हाला सांगतो, नांदेडात काय रबराची माणसं राहतेत का? पण पुण्याच्या ऋतुजा मॅडमनं फोनवर असं दटावलं, असं दटावलं, की मी हातातला घास परत ताटात ठेवला. माझं काम काय, तर कंपनी नवा माल बाजारात आणायच्या आधी लोकांचं मत घेत असते, त्यासाठी आठ माणसं गोळा करून एका खोलीत बसवायची. मत मॅडम विचारतेत, माणसं मी आणतो. आमच्या सासऱ्यांना अजून वाटतं मी निवडणुकीचं काम करतो... वाटू द्या, तेवढाच मान राहतो.

तर मागल्या खेपेला आमच्या महामायाताई पकडल्या गेल्या. महामायाताई म्हणजे हुकमी एक्का हो! साबणाच्या गटात चार लेकरांची आई, शाम्पूच्या गटात बिनलग्नाची, पाण्याच्या मोटारीच्या गटात तर चक्क बागायतदारीण! आणि बोलणं? "याचा सुगंध आधुनिक आहे, पण कौटुंबिक नाही." कंपनीवाले पागल व्हायचे ऐकून. पण मॅडमनं तिन्ही गटांचे व्हिडिओ एका बैठकीत बघितले, तिन्हीत महामायाताई, अन् साडी बी तीच! मला म्हणाल्या, "शिवशंकर, यावेळी माणसं खरी पाहिजेत. नाहीतर नांदेडचं काम मी लातूरच्या माणसाला देणार." लातूरच्या! म्हणजे लातूरचा माणूस बस धरून येणार अन् आमच्या गल्लीतल्या बाया निवडणार? मग मी काय करायचं, गोदावरीच्या घाटावर बसून मासे मोजायचे?

लागलो हिंडायला. यावेळी माल चहाचा, म्हणून बाई घरी दोन टाइम चहा करणारी पाहिजे, कधी अशा गटात बसलेली नको, एकमेकींच्या ओळखीच्या नकोत. एका घरी म्हणाले, गॅसवाले का? दुसऱ्या घरी आधार कार्ड लपवलं. तिसऱ्या घरी नवरा पुढं आला, म्हणाला मत मी देतो, हिला काय विचारून राहिले? आता ह्यांनी जन्मात चहाचं पातेलं उचललेलं नसणार! पण हिंडता हिंडता लक्ष्मीबाई सापडल्या, शेती माहूरकडं, लेकाच्या शिक्षणापायी इथं खोली करून राहिलेल्या. बेगमबी सापडल्या, बांगड्यांचं पिढ्यान्‌पिढ्याचं दुकान. अशा आठ जमवल्या. अस्सल! एकीनंही कॅमेरा बघितलेला न्हाई.

मॅडम म्हणाल्या, वातावरण घरगुती पाहिजे. म्हटलं घरगुती तर घरगुती, आमच्याच माडीवर या. बायकोनं सतरंज्या टाकल्या, ठेवणीतले कप काढले. माल काय होता, तर तयार चहाची पावडर. गरम पाणी ओतलं की दूध, साखर, इलायची सगळं त्यातच. मी आधी चोरून एक घोट घेतला होता... पातेलं विसळलेलं पाणी बरं! म्हटलं, आज बाया सोडत न्हाईत ह्याला. मॅडमनं स्वतःच्या हातानं कप दिले अन् विचारलं, चव कशी आहे?

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "चांगला हाय."

गोडी? चांगली हाय. रंग? चांगलाच हाय की. काही बदलावंसं वाटतं? कायबी नगं. बेगमबी म्हणाल्या, "अच्छा हय जी, तुम्ही इत्त्या दुरून आल्या, स्वतः करून दिल्या." एकीनं मॅडमलाच विचारलं, तुम्ही जेवल्या का न्हाई? तासभर हेच! मॅडमनं मला जिन्याच्या तोंडाशी ओढलं, म्हणाल्या, ह्यांना तुम्ही पढवून आणलंय. मी रेणुकामातेची शपथ घेतली, म्हटलं, "मॅडम, लोकांच्या घरात बसून लोकांच्या चहाला नावं ठेवतेत का कुठं? माणसं खरी हायत, म्हणूनच तर बोलून न्हाई राहिली!" पण पटतंय कुठलं? चेहरा पार उतरला त्यांचा. मला तर लातूरची बस दिसायला लागली.

बाया उठल्या, जिना उतरल्या, खाली चपला घालायला लागल्या. अन् मग काय सांगू...

"ह्याला चहा म्हणायचं का बाई?" लक्ष्मीबाईचा आवाज. "बिमार माणसाचा काढा बरा."

"इलायची तो बस पाकिटपेच हय जी," बेगमबी.

मग जी सुटली गाडी! दुधाचा पत्ता न्हाई, साखर कुणाला पुरायची, पाव्हण्याला दिला तर पाव्हणा परत येईल का... सगळं निघालं. तिसरी म्हणाली, पुण्याची पोरगी गुणाची होती म्हणून तिच्या तोंडाकडं बघून गिळला. वर मॅडम कठड्यावरून फोन खाली धरून रेकॉर्ड करून राहिल्या, हसून हसून डोळ्यांत पाणी. तेवढ्यात बायांची नजर वर गेली, तर सगळ्या एका सुरात, "येतो हां मॅडम, चहा चांगला होता!"

जीव भांड्यात पडला माझा. मॅडम खूश, मी खूश. बायकोनं गरमागरम सुशीला केला, मुरमुऱ्यांचा, वर शेंगदाणे, लिंबू. मॅडमनं दोनदा मागून घेतला, ताट हातात धरूनच म्हणाल्या, "शिवशंकर, काम खूप छान झालं." मी तर हवेतच. त्यांना ऑटोत बसवलं, हात हलवला, ऑटो वळला... अन् मग डोक्यात उजेड पडला. छान झालं म्हणाल्या, पण कुठं? माझ्याच घरात! काय खाऊन? माझाच सुशीला!

आता फोन करून विचारावं तरी काय? बसलोय पुढच्या कामाच्या फोनची वाट बघत, होईल ते होईल. माणसं खरी पाहिजेत म्हणत आलेली बाई, अहो, आमच्यातलीच एक होऊन गेली!