पहाटे जाग येते का

आमी ढिवर, ब्रह्मपुरीकडचे. तळ्यात मासोळी लागली तर चूल, नाई तर नुसती आंबील, काय सांगू तुमाले. बाप गेला तवा मी सातवीत होतो. मग माय जाळं घेऊन जाये, पहाटे तीनले उठे, मासोळीचं टोपलं डोक्यावर घेऊन बाजार करे, अन् मले म्हणे तू पुस्तक धर, जाळ्याचं मी पाहून घेईन. तिच्या त्या टोपल्यावर मी बी.ए. झालो, आमच्या मोहल्ल्यात पहिला. हे मी छाती काढून सांगतो, काऊन नाई सांगू.

अन् मी गावातच मास्तर होऊन आलो त्याच साली माह्यी बहीण बाळंतपणात गेली अन् माय बसली. जाळं खुंटीवर. ऊन अंगावर आलं तरी खाटेवरच. वर्ष झालं तसं.

तवा आमचा विदर्भ मध्यप्रदेशात होता. नागपूरहून एक म्हातारे डॉक्टर अन् एक लिहिणारा साहेब आले, मनाची बिमारी शोधाले. छापील कागद, वीस सवाल, हो का नाही. ज्याचे हो जास्त त्याले नागपूरच्या दवाखान्यात नेणार, फुकट. मले वाटलं, माह्या मायसाठीच आले हे.

शाळेच्या ओसरीत बाया बसल्या. साहेबानं विचारलं, पहाटे लवकर जाग येते का. गंगाकाकी हसली, येते ना साहेब, मासोळी का दुपारपर्यंत वाट पाहाते आमची? साहेबानं हो वर खूण केली. साऱ्या मोहल्ल्याच्या तशाच खुणा. गंगाकाकी म्हणे, चला वं बायांनो, आपुन साऱ्या बिमार, नागपूर पाहाले भेटते.

मग माय. पहाटे जाग येते का? नाई. आपण खिन्न असता का? मायनं माह्याकडं पाह्यलं, खिन्न म्हणजे का रे? मी सांगाले गेलो तर साहेब म्हणाला, मास्तर, तुम्ही मधे बोलू नका, उत्तर त्यांचं हवं. नाई, म्हणाली माय. रडू येतं का? नाई. रडणं तर तिचं कवाचंच सरलं होतं. साहेबानं लिहिलं, निरोगी.

माह्यं डोकं फिरलं. मी कागद धरूनच ठेवला. म्हटलं साहेब, इथी तीनले उठते तो धडधाकट अन् उठत नाई तो बिमार, तुमचा कागद उलटा आहे. तो म्हणे, छापील आहे, बदलता येत नाही. म्हटलं, मी बी छापीलच वाचून बी.ए. झालो, छापणारा बी चुकते. अन् हिच्या भाषेत विचाराले लाज वाटते का तुमाले?

साहेब लाल झाला. पण डॉक्टर म्हणाले, तुम्ही कसं विचाराल?

मी मायपाशी खाली बसलो. माय, जाळ्यात मन लागते का?

तिनं तळ्याकडं मान वळवली. मग म्हणाली, नाई लागत रे. जाळं हाती घेतलं का हात मेल्यावानी होते. सकाळ होऊच नये वाटते.

डॉक्टरांनी निरोगी खोडलं अन् तिचे शब्द होते तसेच कागदाच्या कडेले लिहिले. गंगाकाकी तवा हसली नाई.

चार महिने माय नागपूरले राह्यली. डॉक्टरांच्या कागदावर आता खिन्न नाई, सकाळ होऊच नये वाटते का असं छापलं आहे, ते शब्द माह्या मायचे. त्या डॉक्टरांचं भलं होवो. साहेबाचं बी होवो, पण उशिरानं.

माय आता तीनले उठते, जाळं खांद्यावर टाकते, अन् मले बी उठवते.