आजीचा पाय

हाड मोडल्याचा आवाज मी एकदाच ऐकला. धाकटा भाऊ कडब्याच्या गाडीवरून पडला तेव्हा. वाळली तुराटी मोडावी तसा. म्हणून आमची नात अंजली बर्फात स्कीइंग करायला निघाली, तेव्हा ती औषधाची पेटी भरत असताना मी जवळच बसलो. पायाला लांब फळ्या बांधायच्या आणि जिथे रस्ता नाही, दवाखाना नाही, अशा डोंगरावरून घसरत यायचं, असं ते काम आहे म्हणे.

तिची आजी हळदीची डबी घेऊन आली.

"तिकडं साप असते का व?"

"बर्फात कायचा साप, आजी?"

"इचू?"

"नाही वो."

"मंग एवढं सामान कायले?"

"पडली तर."

"मंग पडू नोको."

आजीने डबी पेटीत कोंबली. अंजलीने ती बाहेर काढली. "वजन होते वो."

"पाय मोडला तर कोण बांधीन?"

"सोबतचे बांधतीन. त्यायचा मोडला तर मी. शिकून आली ना."

आजी खाटेवर बसली आणि तिने पाय लांब केला. "बांध मंग."

अंजलीने पेटीतली आधाराची पट्टी काढून मांडीपासून घोट्यापर्यंत बांधली. अंगठा दाबून रक्त फिरतं का, तेही पाहिलं.

"दुखून राहिलं का?"

"नाही."

मला वाटलं, म्हातारीची समजूत पटली.

तेवढ्यात बडनेरा स्टेशनला न्यायला ऑटो आला.

"आजी, सोडू दे आता. या पट्टीबिगर मले जाता येत नाही."

आजी उठली आणि ताठ पाय ओढत आत निघून गेली.