अंधारातला झेल

घ्या! आता तुम्हीपण विचारा! विचारा हो, लाजू नका, सगळेच विचारतात... बर्फ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बर्फ वितळेपर्यंत हेच विचारत उभं राहतं आणि वर मलाच म्हणतं, "रादामेस, बर्फ कमी दिलास!" परवा दाताच्या डॉक्टरकडे गेलो, तर त्याने दोन्ही हात माझ्या तोंडात घातले आणि मग विचारलं, "काय, झेल होता का नव्हता?" आता मी काय सांगणार, आँ आँ आँ? आईच्या मयतीला, तुम्हाला सांगतो, सख्ख्या आईच्या मयतीला पाद्रीबाबांनी माझा हात हातात घेतला, मला वाटलं आता धीर देणार, तर कानाशी लागून म्हणतात, "बाळ, इथे देव ऐकतोय... खरं सांग." अहो, खरंच सांगतोय! पंचवीस वर्षं एकच सांगतोय! चेंडू माझ्या हातात होता!

बसा त्या खोक्यावर. त्या डॉमिनोच्या सोंगट्या सरकवा बाजूला, ते म्हातारे काही आता खेळत नाहीत, झोपलेत.

तर आमचा बेसबॉलचा संघ खेकडे. आता नावच खेकडे म्हटल्यावर कोण कोणाला वर चढू देणार? गावातल्या निम्म्या लोकांनी चषक कधी पाहिलाच नव्हता! आणि त्या वर्षी आम्ही चक्क अंतिम सामन्यात. रात्रीचा सामना, शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, त्यांचे दोन बाद, तिसरा बाद झाला की मिटलं, चषक आमचा! पण त्यांचे दोघं धाव काढायला तळांवर टपलेले, आणि बॅट घेऊन समोर कोण? रेडा! त्याला सगळे रेडाच म्हणायचे, खऱ्या रेड्यांनी तक्रार करावी असा. त्याने हाणला... चेंडू थेट माझ्या दिशेला, डावीकडे, खोल, मी वळलो, भिंतीकडे धावत सुटलो, मी चेंडूकडे बघतोय, चेंडू माझ्याकडे बघतोय, आणि... फट्! वीज गेली!

आता वीज जाणं म्हणजे आपल्याकडे काय नवल आहे का? लग्नात जाते, बाळंतपणात जाते, मंत्री 'यापुढे वीज जाणार नाही' असं सांगत असतो तेव्हा तर हमखास जाते. पण चेंडू वर असताना?

मी धावतच राहिलो. थांबून करू काय? खांदा भिंतीवर आपटला, हात वर गेला, का गेला ते मला विचारू नका, त्या हाताला ठाऊक... आणि ठप्प! बसला! ग्लोव्हमध्ये असा बसला की अंगावर काटा आला. आजही येतो, हा बघा. मी बोंबललो, "घेतला! घेतला!" तर वरून कोणीतरी म्हणतो, "काय घेतलास रे, रम? आम्हालापण दे थोडी!"

जनरेटर होता हो! नव्हता असं नाही. पण जनरेटरवाला चिचो, त्याला जनरेटरच्या खोलीतून सामना दिसत नाही म्हणून हा प्रेक्षकांत येऊन बसलेला, किल्ली खिशात, आणि अख्ख्या मैदानात सगळ्यात मोठ्याने हाच ओरडतोय, "अरे, तो जनरेटरवाला मेला का रे?" शेजारच्याने कानाखाली दिली तेव्हा आठवलं गड्याला!

उजेड आला. "आली! आली!" सगळे नाचतायत. मी ग्लोव्ह वर धरून उभा, आत चेंडू. झालं ना? जिंकलो ना? पण माझे दोस्त... जिवाला जीव देणारे हो! त्यांना वाटलं, याला उजेडात जमत नाही, अंधारात काय जमणार? म्हणून मधल्या जागेवरचा फाउस्तो, त्यानेपण एक चेंडू वर धरलेला. कुठून आणला, देव जाणे! पलीकडचा एक धरून उभा. आणि चेंडू टाकणारा पिचर, जो जागचा हललाच नव्हता, त्याच्याही हातात एक!

पंच सेकुंदिनो, जाडा, घामेजलेला माणूस, चौघांकडे बघून म्हणतो, "मी एकच चेंडू दिला होता. तुम्ही काय, उबवलेत?" मी म्हटलं, "साहेब, माझा खरा! हात लावून बघा, गरम आहे अजून!" त्याने हात लावला. चौघांच्या चेंडूंना लावला. म्हणाला, "सगळेच गरम आहेत. मला दिसलं नाही, म्हणजे ते झालंच नाही. पुन्हा टाका." अहो, चेंडू माझ्या हातात होता!

टाकला पुन्हा. तोच रेडा, तीच दिशा, लख्ख उजेड, अख्खा देश बघतोय. आणि ह्या खेपेला धावायचंसुद्धा नाही हो, चेंडू सरळ माझ्याच डोक्यावर येतोय. मी मनात म्हटलं, आता बघ सेकुंदिनो, आता तरी दिसेल तुला... आणि मी सेकुंदिनोकडे बघितलं. बघतोय की नाही ते. तेवढंच! एकदाच! चेंडू टण्णकन टाळक्यात, आणि तिथून उडून भिंतीपलीकडे. होम रन! एका फटक्यात तीन धावा! सामना गेला, चषक गेला.

तो मात्र सगळ्यांना दिसला. दर डिसेंबरला टीव्हीवर दाखवतात. हळूहळू करून दाखवतात, टाळक्यावर पडला की मागे ढोल वाजवतात, हलकट!

मला चषक नको. तुम्हाला सांगतो, खरंच नको, थकलो आता. एकाने, फक्त एका माणसाने म्हणावं, "होता रे, रादामेस, तुझ्या हातात होता." बायको, नूरिस, पंचवीस वर्षं माझ्याबरोबर संसार करतेय, ती काय म्हणते? "असेल." असेल! ह्याच्यापेक्षा नाही म्हण की सरळ...

अरे! वीज गेली? गेली परत! नाही नाही, उठू नका, त्या म्हाताऱ्यांच्या पायात पडाल. नूरिस! मेणबत्ती आण गं! काय? "टाकते, धर"? अगं टाकू नकोस, ह्या काळोखात मला कशी... ठप्प!

घेतली! एका हाताने! पाठमोरा उभा असताना! पाहिलंत? पाहिलंत ना?... अहो, कोणीतरी?... हं. ऐका आतून काय म्हणतेय, "पडली ना रे? मला ठाऊकच होतं!"

हो गं बाई... पडली.